सवचे गरम पाणी, वीज आणि बोअरचा हिशेब

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. भूऔष्णिक म्हणजे जमिनीच्या पोटातील उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा. ही बातमी मोठ्या शहरांतून आली आणि गेली. आमच्या महाडच्या बाजारपेठेत मात्र तिला वेगळेच पाय फुटले. कारण सावित्रीच्या काठी सव गावी गरम पाण्याचे कुंड आहे आणि ते इथल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. अंग दुखते म्हणून, खरूज झाली म्हणून, आमची आजी आम्हाला तिथे आंघोळीला नेत असे.

त्या बातमीनंतर काही दिवसांनी पोलादपूरचे एक ओळखीचे बेकरीवाले दुकानात आले. लग्नसराईचे कापड घ्यायला आले होते, पण बसल्यावर विषय दुसराच काढला. "चाचा, गरम पाण्याजवळची चार गुंठे जमीन सुचवली आहे कोणी. म्हणतात, सह्याद्री सारा ज्वालामुखीचा आहे, खाली आग आहे, कंपनी येणार, बोअर मारणार, वीज करणार, जमिनीला सोन्याचा भाव येणार. बयाणा देऊन टाकू का?" मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली रक्कम ते यात घालायला निघाले होते. मी त्यांना म्हटले, आठ दिवस थांबा. माझा भाचा इंजिनिअरिंग शिकलेला आहे. त्याच्याकडून कागद मागवले, वाचले, जे कळले नाही ते त्याला विचारले. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हे सारे इंग्रजीतून समजून घ्यायला वेळ लागतो, पण हिशेब हा सर्व भाषांत सारखाच असतो. तो हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ज्वालामुखीची. सह्याद्री ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला आहे हे अगदी खरे. आपल्या पायाखालचा काळा पत्थर, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो थरावर थर असा वाहत येऊन थिजला. रायगडाचा कडा पाहा किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना डोंगराचे पट्टे पाहा, कापडाची थाने एकावर एक रचावीत तसे ते दिसतात. पण हे झाले सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ती भट्टी कधीच विझली. भट्टीची राख गरम असते ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, साडेसहा कोटी वर्षे नव्हे.

मग सवचे पाणी गरम कसे? जमिनीत जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते. जगात बहुतेक ठिकाणी दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी पत्थरातील भेगांतून खोल जाते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. हीच गोष्ट वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोलीची, पालीजवळच्या उन्हेऱ्याची, खेड-दापोलीकडच्या उन्हवऱ्याची, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडीची, राजापूरच्या उन्हाळ्याची. गावांची नावेच पाहा, उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. उत्तरेस पालघरकडील कोकनेरेपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हे झरे एका ओळीने आहेत, कारण भेगाही तशाच उत्तर-दक्षिण गेलेल्या आहेत. पाण्याची उष्णता काही ठिकाणी अंगाला जेमतेम कोमट लागेल इतकी, तर उन्हवऱ्यास सत्तर अंशांच्या आसपास.

सरकारला हे आज कळले असे नाही. १९६६ साली केंद्राने गरम झऱ्यांची एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९६८ मध्ये आला. पुढे सत्तरीच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने लडाखचे पुगा, हिमाचलचे पार्वती खोरे, हरियाणातील सोहना आणि आपला पश्चिम किनारा अशी ठिकाणे तपासली. कोकणात बोअरही मारून पाहिले. देशभरात ३८१ गरम झरे त्यांनी नोंदवले आहेत आणि सगळ्या देशाची मिळून १०,६०० मेगावॅट वीज निघू शकेल असा अंदाज बांधला आहे. अंदाज म्हणजे माल नव्हे. पन्नास वर्षांच्या या खटपटीत वीज किती निघाली? १९९२ मध्ये हिमाचलच्या मणिकरणला पाच किलोवॅटचे प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले. पाच किलोवॅट म्हणजे दोन-तीन एसी. अलीकडे तेलंगणात मणुगुरू येथे सिंगरेणी कोळसा कंपनीने वीस किलोवॅटचे यंत्र बसवले. बस्स.

आता वीज का निघत नाही ते पाहू. उष्णतेपासून वीज करायची तर नुसते गरम असून भागत नाही, गरम आणि थंड यांत अंतर लागते. पाणचक्कीला जसा पाण्याचा चढउतार लागतो तसा. चाळीस अंशांचे पाणी आणि आजूबाजूला अठ्ठावीस अंशांची कोकणी हवा, यात अंतर बारा अंशांचे. निसर्गाचा नियमच असा आहे की अगदी निर्दोष यंत्र केले तरी त्या उष्णतेतील शंभर भागांपैकी चारही भाग वीज होत नाहीत. खऱ्या यंत्रात एक भागसुद्धा कठीण, आणि तेवढी वीज पंपच खाऊन टाकेल. सत्तर अंशांच्या पाण्यातही निर्दोष यंत्राला शंभरात बारा भाग, खऱ्या यंत्राला त्याच्या निम्मे.

भाचा म्हणाला, "मामू, अमेरिकेत अलास्कामध्ये चेना येथे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज करतात." खरे आहे. पण तिथे यंत्र थंड करायला चार अंशांचे पाणी हाताशी आहे. आपल्याकडे विहिरीचे पाणीच सव्वीस-सत्तावीस अंशांचे. त्यांची कमाई गरम पाण्याची नाही, थंडीची आहे. थंडी आपण कोठून आणणार?

मग माणसे म्हणतात, वरचे पाणी सोडा, खोल बोअर मारा, खाली उकळते मिळेल. याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. महाबळेश्वरला एका बाजूस सावित्री उगम पावते आणि पोलादपूर-महाडकडे येते, दुसऱ्या बाजूस कोयना उगम पावते आणि पाटणकडे जाते. त्या कोयनेच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, तो आमच्या वयाच्या मंडळींच्या घरी अजून सांगितला जातो. भूकंपाचे कारण शोधण्यासाठी सरकारने तिथे खोल बोअर मारले. गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये सुरुवात करून जून २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल गेले. बोअर विजेसाठी नव्हते, पण सह्याद्रीचे पोट त्यातून दिसले. काळा पत्थर सुमारे सव्वा किलोमीटर, त्याखाली जुना ग्रॅनाइट. लाव्हारसाची आग कुठेच नाही. आणि उष्णता? तिथल्या अभ्यासकांचा अंदाज असा की सहा किलोमीटर खाली गेल्यावर १३० ते १५० अंश. आता याच्यासमोर इंडोनेशियातील जावा बेटाचे कामोजांग ठेवा. तिथे जिवंत ज्वालामुखींचा प्रदेश, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच, आणि एक-दोन किलोमीटरवरच २४० अंशांच्या वर वाफ तयार. ते लोक दोन किलोमीटरची मजुरी देऊन अडीचशे अंश घेतात, आपल्याला सहा किलोमीटरची मजुरी देऊन दीडशे.

इथे बोअरचा माझा स्वतःचा तजुर्बा सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरउतारावर मी जमीन घेतली आणि काजूची लागवड करायचे ठरवले. पाण्यासाठी बोअरवाल्याला बोलावले. त्याने फुटाचा भाव सांगितला. दीडशे फुटांवर काही नाही. "सेठ, आणखी पन्नास." दोनशेवर धूळ. "सेठ, खाली ओल दिसते आहे." तीनशे फुटांवर मी हात जोडले. पाणी नाही आले, बिल आले. भांडलो, तर तो शांतपणे म्हणाला, मी पाणी विकत नाही, भोक विकतो. त्यावेळी राग आला होता, आज कळते की सगळ्या दुनियेतील भूऔष्णिक धंद्याचा कळीचा मुद्दा त्याने मला एका वाक्यात सांगितला. काम करणारा फुटाने पैसे घेतो आणि नशीब मालकाचे.

जागतिक बँकेने २०१२ साली या धंद्याचे एक मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यात पन्नास मेगावॅटच्या वीजकेंद्राचा नमुना हिशेब दिला आहे. मधला अंदाज घेतला तर एकूण खर्च १९ कोटी ६० लाख डॉलर. डॉलरचा भाव पंच्याऐंशी रुपये धरला तर १,६६६ कोटी रुपये. हे भाव २०१२ चे, आज वाढलेलेच असणार. यात वीजघर, टर्बाइन वगैरे साडेसात कोटी डॉलर आणि मुख्य विहिरी सात कोटी डॉलर. पण व्यापाऱ्याने नजर ठेवायची ती सुरुवातीच्या रकमेवर. पाहणी, अभ्यास आणि चाचणीच्या पहिल्या विहिरी यांना मिळून सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे १९५ कोटी रुपये. हे पैसे खर्च होईपर्यंत खाली माल आहे की नाही हेच कळत नाही. नव्या जागेतील पहिली विहीर लागण्याची शक्यता निम्मी-निम्मी मानतात. कोणती बँक अशा भोकावर कर्ज देईल? म्हणून हे पैसे सरकारला किंवा फार मोठ्या कंपनीला स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. आणि वीज विकली जाईपर्यंत पाच ते दहा वर्षे जातात.

आपले कोकणी लोक पूर्वीपासून मोंबासा-नैरोबीकडे गेलेले आहेत, म्हणून केनियाचे उदाहरण जवळचे वाटेल. नैरोबीच्या वायव्येस ओल्कारिया म्हणून ज्वालामुखीचा उंच प्रदेश आहे. १९५६ पासून तिथे दोन विहिरी खोदल्या, दोन्ही फुकट गेल्या. काम थांबले. सत्तरीत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पुन्हा सुरू केले आणि १९८१ मध्ये पहिला १५ मेगावॅटचा संच चालला. पंचवीस वर्षे! आज केनियाच्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज जमिनीच्या वाफेची आहे, म्हणजे फळ मोठे आहे. पण ते पंचवीस वर्षे वाट पाहणाऱ्याचे. पुढे त्यांच्या सरकारने धडा घेऊन एक सरकारी कंपनीच काढली. धोका सरकारी कंपनीने घ्यायचा, विहिरी तिने खोदायच्या आणि तयार वाफ खासगी कारखानदाराला विकायची. मेनेंगाई येथे २०११ मध्ये खोदकाम सुरू झाले. तिथला पहिला खासगी ३५ मेगावॅटचा कारखाना चालला तो २०२३ मध्ये. धोका सरकारने उचलूनही बारा वर्षे लागली.

उंच डोंगराळ ज्वालामुखी प्रदेशात या खर्चावर आणखी थर चढतात. खोदाईचे यंत्र म्हणजे गावातले बोअरचे ट्रक नव्हे, तो मोठाल्या ट्रेलरांचा काफिला असतो. त्याला रस्ता हवा, मजबूत पूल हवेत आणि वर मैदानासारखी सपाट जागा हवी. डोंगर कापल्याशिवाय ती मिळत नाही. आता आपला डोंगर आठवा. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये, एका गावात ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली. त्याच पावसात पोलादपूरकडे साखर सुतारवाडी आणि केवनाळे, आणि आंबेनळी घाट ढासळून बंद. महाडच्या बाजारपेठेत त्या रात्री पाणी पहिल्या मजल्याला लागले, माझी थाने चिखलात गेली, तो हिशेब वेगळा. ज्या उतारावर साध्या रस्त्याची कड टिकत नाही तिथे दोन-चार एकराचा कापलेला ओटा पावसाळ्यात टिकवायचा तर भिंतींवर आणि गटारांवर किती पैसा जाईल, याचा अंदाज ठेकेदारापेक्षा गावकऱ्याला चांगला येईल.

खोदताना चिखल आणि पाणी सतत आत सोडावे लागते. ज्वालामुखीच्या पत्थरात भेगा फार, त्यामुळे सोडलेले पाणी भेगेत गडप होते आणि यंत्र अडकते. डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात हे पाणी आणायचे कोठून? पोलादपूरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो तो कोणापासून लपलेला नाही. वर आलेल्या गरम पाण्यात विरघळलेली वाळू असते, ती नळात थिजून नळ बंद करते, किटलीत पापुद्रा धरतो तसा. वाफेबरोबर गंधकाचा विषारी वायू येतो. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर सोरिक मरापी येथे जानेवारी २०२१ मध्ये विहीर उघडताना हा वायू पसरला आणि पाच गावकरी मेले. ती माणसे कामगार नव्हती, शेजारची होती.

जिथे आग खरोखर जिवंत आहे तिथे तर मालकी हक्क ज्वालामुखीचाच. आइसलँडच्या क्राफ्ला येथे वीजकेंद्र बांधत असतानाच डिसेंबर १९७५ मध्ये उद्रेक सुरू झाले, ते १९८४ पर्यंत नऊ वेळा झाले. वायूंनी विहिरी खराब केल्या. १९७७ मध्ये शेजारच्या क्षेत्रातील एका बोअरमधून वितळलेला पत्थर बाहेर उडाला. दोन टर्बाइन घेतलेल्या होत्या, त्यातली दुसरी बसली १९९७ मध्ये. वीस वर्षे यंत्र पेटीत! हवाई बेटावरील पुना केंद्रात २०१८ साली लाव्हा विहिरींवर चढला, केंद्र दोन वर्षांहून अधिक बंद राहिले. आपल्याकडे हा धोका नाही आणि ती वाफही नाही, दोन्ही एकाच पदरात येतात.

आपल्या देशातील उंचावरचे उदाहरण म्हणजे पुगा, साडेचार हजार मीटरच्या जवळपास. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासन आणि लेहच्या पर्वतीय परिषदेबरोबर करार केला. पहिल्या टप्प्यात अर्धा किलोमीटरची विहीर आणि एक मेगावॅटचा प्रयोग. ओएनजीसी म्हणजे तेलाच्या विहिरी खोदण्यात देशात पहिली. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये खोदताना गरम पाणी उसळून पुगा नाल्यात गेले आणि काम अडले. थंडीमुळे वर्षातले थोडेच महिने काम चालते. एवढ्या मोठ्या कंपनीला जिथे घाम फुटतो तिथे चार गुंठ्यांच्या भरवशावर बयाणा देणाऱ्याचे काय?

कायद्याचा प्रश्नही लहान नाही. इंडोनेशियाने २००३ च्या कायद्यात या कामाला खाणकाम म्हटले, आणि खाणकाम राखीव जंगलात चालत नाही. ज्वालामुखी तर बहुतेक जंगलातच. अकरा वर्षे पेच राहिला, २०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हा सुटला. आपल्याकडे पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात रायगड जिल्ह्यातील गावे आहेत आणि महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासूनच संवेदनशील म्हणून जाहीर आहे. परवानगीचा कागद किती वर्षे फिरेल ते वाचकांनी ठरवावे.

काही जण म्हणतात की खाली ग्रॅनाइट आहे ना, त्यात दाबाने पाणी घालून भेगा पाडा आणि तापलेले पाणी काढा. अमेरिकेत यूटाहकडे हे प्रयत्न जोरात आहेत. पण स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराखाली २००६ मध्ये असे पाणी दाबले तेव्हा भूकंपाचे धक्के बसले आणि २००९ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. कोयनेच्या शेजारी बसून हा खेळ करावा असे मला वाटत नाही.

आता भावाचा हिशेब, कारण शेवटी वीज बाजारात विकायची आहे. जागतिक बँकेच्या त्याच मधल्या अंदाजाने एक मेगावॅटला ३३ कोटी रुपये. सौरऊर्जेला एक मेगावॅटला चार-पाच कोटी. हे वाचून सौरवाल्याचा जय म्हणू नका, तो सौदा इतका सरळ नाही. सूर्य रात्री नसतो, पावसाळ्यात ढगाआड असतो, म्हणून सौर केंद्र वर्षाकाठी आपल्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देते. जमिनीची वाफ दिवसरात्र, शंभरातले नव्वद तास. तेव्हा प्रत्यक्ष मिळणाऱ्या विजेवर खर्च वाटला तर वाफेचा ३७ कोटींच्या आसपास आणि सूर्याचा २२-२३ कोटी. अंतर आहे, पण सातपटीचे नाही. शिवाय वाफेची वीज रात्रीही मिळते, तिला बॅटरी लागत नाही. ही तिची खरी किंमत. मात्र एक मेगावॅट वर्षाला ७९ लाख युनिट देते आणि ३३ कोटींवर दहा टक्के परतावा, मग त्याला व्याज म्हणा की भागीदाराचा हिस्सा म्हणा, ३ कोटी ३० लाख होतो. म्हणजे युनिटमागे चार रुपयांच्या वर केवळ भांडवलाचे. २०२० नंतरच्या लिलावांत सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास विकली गेली आहे. आणि हा वाफेचा हिशेब अडीचशे अंशांच्या वाफेचा आहे. सवच्या पाण्याचा नव्हे.

म्हणजे ते पाणी निकामी का? इथे मात्र मी दलालाच्याही आणि निराशावाद्याच्याही विरुद्ध आहे. उष्णतेला वीज करायला गेले की नव्वद-पंच्याण्णव टक्के उष्णता वाया जाते. तीच उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर जवळजवळ सगळी कामाला येते. केंद्राच्या नव्या धोरणातही विजेखेरीज अशा थेट वापराला जागा दिली आहे. हे आपल्या कारागिरांनी समजून घेण्यासारखे आहे.

माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. रंगारी हजार लिटर पाणी अठ्ठावीस अंशांपासून नव्वद अंशांवर नेतो. त्यासाठी पाण्याला ६२ हजार किलोकॅलरी लागतात. समजा पाणी आधीच बेचाळीस अंशांवर मिळाले, तर १४ हजार वाचल्या, म्हणजे पावहून थोडी कमी. लाकडाच्या भट्टीत निम्मी उष्णता धुराड्यातून जाते असे धरले तर हजार लिटरमागे आठ किलो लाकूड वाचले. दिवसाला दहा हजार लिटर तापवणाऱ्याचे ऐंशी किलो. महिन्याचे सव्वादोन-अडीच टन होते. ही रक्कम कोणा कंपनीला दिसणार नाही, रंगाऱ्याला दिसेल. हाच हिशेब महाड एमआयडीसीतील बॉयलरला, लाँड्रीला आणि दुधाच्या डेअरीला लावता येईल.

यातही खोच आहे. कोकणातील गरम झऱ्यांच्या पाण्यात क्षार आहेत. सुती कापड रंगवताना रंगारी मीठ घालतो हे खरे, पण ते मोजून घालतो. पाण्यातला कॅल्शियम मात्र रंगाचे डाग पाडतो, आणि डागाळलेले थान खराब्यात जाते. म्हणून झऱ्याचे पाणी थेट हौदात घ्यायचे नाही. ते नळीच्या वेटोळ्यातून फिरवून बाहेरचे स्वच्छ पाणी गरम करायचे. त्यात दोन-चार अंश जातात. पाणी लांब न्यायचे तर नळाला जाड वेष्टन हवे, नाहीतर एका मैलात ते नदीच्या पाण्यासारखे होते. म्हणजे धंदा झऱ्याजवळ जायला हवा, झरा धंद्याजवळ येणार नाही.

सत्तर अंशांच्या उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी वाळवणी जमेल. आइसलँडचे लोक जमिनीच्या उष्णतेवर कॉड माशाची मुंडकी वाळवतात आणि थेट नायजेरियाला विकतात. जे मुंडके फेकायचे त्याचा व्यापार झाला. बाणकोट, हर्णे, श्रीवर्धनकडे आपल्या बायका मासळी उन्हात वाळवतात आणि ढग आला की माल उचलायला धावतात. आंबापोळी, कोकम, फणसाचे गरे, यांना पन्नास-साठ अंशांचीच हवा लागते. कामोजांगला वीजकेंद्राच्या बाजूलाच वाफेवर आळंबी पिकवतात आणि कॉफी वाळवतात. केनियात ओल्कारियाजवळ गुलाबांची काचघरे याच उष्णतेवर आहेत. तिथे मोठ्या कंपनीला वीज मिळाली आणि शेजारच्या छोट्याला उरलेली ऊब.

पण कुंड कोणाचे, हा सवाल राहतोच. सवचे पाणी गावचे आहे, आंघोळीला येणाऱ्या सर्व जातीधर्मांच्या माणसांचे आहे. शेजारी जोरदार पंपाचे बोअर मारले तर कुंड आटू शकते, कारण दोघांची भेग एकच असू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील द गीझर्स या जगातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रात ऐंशीच्या दशकात वाफ इतकी उपसली की दाब पडला आणि वीज घटली. मग १९९७ पासून आणि पुन्हा २००३ पासून शहरांचे सांडपाणी नळाने आणून जमिनीत घालावे लागले. काढलेले पाणी परत जमिनीत सोडायचे हा नियम आता बऱ्याच ठिकाणी पाळतात. आपल्याकडे जो कोणी गरम पाण्याची योजना घेऊन येईल त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की वापरलेले पाणी कुठे सोडणार. दुसरा प्रश्न, बोअर कोरडे गेले तर पैसे कोणाचे.

आठ दिवसांनी बेकरीवाले आले. मी त्यांना हे सगळे सांगितले नाही, एवढा धीर त्यांना नव्हता. फक्त ते दोन प्रश्न जमीन सुचवणाऱ्याला विचारायला लावले. त्याने पहिल्याला हसून उत्तर दिले आणि दुसऱ्याला फोन ठेवला. बयाणा वाचला. आता त्यांनी नवा ध्यास घेतला आहे. भट्टीच्या धुराड्यातून जी उष्णता जाते तिच्यावर पीठ मळायचे पाणी तापवता येईल का, असे ते भाच्याला विचारत होते. भाचा दोनशे रुपयांचा थर्मामीटर घेऊन आधी सवला जाणार आहे. आता एकदा, एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पाणी मोजायचे, घागर किती सेकंदांत भरते तेही लिहून ठेवायचे असे ठरले आहे. मी त्याला दुकानातली जुनी खतावणी दिली आहे, मागची पाने कोरी आहेत.